राफाएल ग्वास्ताविनो यांची कारकीर्द कशी अभ्यासावी: मराठवाड्यातील स्थापत्याच्या विद्यार्थ्यांसाठी

पातळ टाइलची कमानदार छते व घुमट बांधणारे राफाएल ग्वास्ताविनो यांचा जन्म 1842 मध्ये स्पेनमधील वालेन्सिया येथे झाला. बार्सिलोनात त्यांनी बांधकामाचे शिक्षण घेतले, तेथेच नाव मिळवले आणि 1881 मध्ये, इंग्रजी येत नसतानाही, धाकट्या मुलाला घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे नाव आग्रहाने सुचवतो. मात्र दर्शनी भागांची छायाचित्रे जमवून हा अभ्यास होणार नाही. त्यांची कल्पकता छताच्या जाडीत आहे, म्हणून सुरुवात छेदचित्रापासून, म्हणजे इमारत उभी कापून आतली रचना दाखवणाऱ्या चित्रापासून करावी.

प्रथम तंत्र नीट समजून घ्यावे. सुमारे इंचभर जाडीच्या भाजक्या टाइल आडव्या, एकमेकींच्या कडांना चटकन घट्ट होणाऱ्या जिप्समने चिकटवत पहिला थर उभारला जातो. प्रत्येक टाइल काही क्षणांत धरून राहत असल्यामुळे खाली लाकडी सेंटरिंग (तात्पुरता आधार) जवळजवळ लागत नाही. त्यावर सिमेंटच्या मसाल्यात दुसरा व तिसरा थर अशा रीतीने बसवतात, की खालच्या थराचा सांधा वरच्या टाइलखाली झाकला जावा. ही रीत बार्सिलोना ज्या प्रदेशात आहे त्या कॅटलोनियातील गवंड्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची होती. ग्वास्ताविनो यांनी तिला पोर्टलँड सिमेंटची जोड दिली, 1885 पासून अमेरिकेत पेटंटे घेतली आणि 1871 च्या शिकागोतील भीषण आगीनंतर न जळणाऱ्या छतांच्या शोधात असलेल्या देशात तिला बाजारपेठ मिळवून दिली. स्पेन सोडण्याच्या सुमारास व्हिलासार दे दाल्त येथील नाट्यगृहावर त्यांनी 17 मीटर व्यासाचा अत्यंत पातळ घुमट उभारला होता. त्याचा छेद प्रमाणात काढून पाहावा. कागदावर ती जाडी एका रेघेएवढीच उरते.

यानंतर हाताने काम करावे. अनुभवी गवंड्याला सोबत घेऊन मीटरभर गाळ्याची दोन थरांची कमान पातळ टाइल व प्लास्टर ऑफ पॅरिस वापरून बांधावी आणि दोन्ही टोकांचे आधार भक्कम अडवून ठेवावेत. वजन टाकताच ते आधार बाहेर सरकू पाहतात, हे प्रत्यक्ष दिसले पाहिजे. कारण आपले एकसंध कवच बाजूंना फारसे ढकलत नाही, असा ग्वास्ताविनो यांचा दावा होता आणि तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पुढे त्यांच्या मुलाने घुमटात जेथे ताण येतो तेथे पोलाद घालण्याचे पेटंट 1910 मध्ये घेतले, ते याच संदर्भात वाचावे.

आपल्या भागाशी तुलना करायची असेल, तर माळवदाशी, म्हणजे मातीच्या जाड थराच्या सपाट छताशी करावी. अर्धा मीटर जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 800 किलो भरते, तर तीन थरांचे टाइलचे छत साधारण 200 किलोच्या आसपास राहते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जड दगडी भिंती आणि माळवदे कोसळून झालेली मनुष्यहानी ज्या प्रदेशाने भोगली, तेथे हा आकडा केवळ आकडा राहत नाही. तरीही हलके म्हणजे सुरक्षित, असा निष्कर्ष काढू नये. टाइलचे छतही ठिसूळ असते, ताण सोसत नाही आणि भूकंपात भिंती सरकल्या की त्याचा आधारच जातो.

कालक्रम मांडताना सर्वाधिक चुका एका कारणाने होतात: पिता आणि पुत्र दोघांचेही नाव राफाएल आहे. 1 फेब्रुवारी 1908 रोजी वडिलांचे निधन झाले. ही तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी. बोस्टनचे सार्वजनिक ग्रंथालय, ज्याचे काम त्यांना 1889 मध्ये मिळाले, ते वडिलांच्या कारकिर्दीतले. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलचा 1909 चा घुमट आणि एलिस बेटावरील नोंदणी दालनाचे छत मुलाच्या काळातले आहे. त्याच बेटावर स्थलांतरितांची नोंद होत असे, आणि त्या दालनावरचे छत एका स्थलांतरित कुटुंबाच्या कंपनीने घातलेले आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्येक इमारतीपुढे वास्तुविशारदाचे व छत बांधणाऱ्याचे नाव असे दोन रकाने ठेवावेत. बिबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपत राय या दोघांची नावे कोरलेली आहेत. बोस्टनच्या ग्रंथालयाचे श्रेय मात्र बहुधा मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुविशारद संस्थेलाच दिले जाते, कारण अमेरिकेत ग्वास्ताविनो प्रामुख्याने कंत्राटदार म्हणून काम करत. म्हणून वास्तुविशारदांच्या यादीत त्यांना शोधू नये. त्यांची अमेरिकन पेटंटे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. त्यांतील आकृत्या आधी आणि मजकूर नंतर वाचावा. 1962 मध्ये बंद झालेल्या कंपनीची रेखाचित्रे कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयात जतन केलेली आहेत; तेथे पत्र लिहिताना इमारतीचे नाव, शहर आणि वर्ष स्पष्ट नमूद करावे.