साहेबांच्या दाराशी कोण येतंय? नव्या स्वीय सहायकांसाठी

नेत्यांच्या कार्यालयात स्वीय सहायक म्हणून माझी उभी हयात गेली. ही खुर्ची नव्याने सांभाळणाऱ्यांना आधी हे सांगते: परकी हेर बहुधा तुमच्याशीच आधी जमवून घेतो. साहेब कुणाचं ऐकतात, कशाने दुखावतात, कधी एकटे असतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

म्हणून भेटींची नोंदवही नीट ठेवा. नाव आणि वेळ सगळेच लिहितात. तुम्ही आणखी तीन रकाने आखा: भेट कुणी घालून दिली, खर्च कोण करतंय, निघताना पाहुण्याने काय मागितलं. पहिल्या भेटीत गुपित कुणी मागत नाही. आधी छापील अहवाल, मग ‘साहेबांचं मत काय?’, मग बैठकीचा मसुदा. मागणी अशी चढत गेलेली वहीत लगेच दिसते. परदेशी परिषदेचं आमंत्रण किंवा लेखासाठी भरघोस मानधन आलं, तर मूळ पैसा कुणाचा, हे लेखी विचारा. उत्तर टाळलं, तर नम्रपणे नकार कळवा.

भेटवस्तू तपासल्याशिवाय दालनात नको. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी अमेरिकेच्या मॉस्कोतल्या राजदूताला लाकडी राजमुद्रा दिली. ती त्यांच्या निवासस्थानी भिंतीवर लागली. आतलं ऐकण्याचं यंत्र सापडलं १९५२ मध्ये! त्यात बॅटरीच नव्हती; बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते चालायचं.

पण फक्त परक्या चेहऱ्यांवर नजर ठेवाल, तर फसाल. पूर्व जर्मनीचा हेर गुंटर गियोम पश्चिम जर्मनीत घुसला, तोही जर्मनच होता. १९५६ मध्ये पूर्व जर्मनीतून निर्वासित म्हणून पश्चिम जर्मनीत आला, सोशल डेमोक्रॅटिक पक्षात राबला, १९७० मध्ये चान्सलरच्या, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाच्या, कार्यालयात शिरला आणि पुढे चान्सलर विली ब्रांट यांचा निकटचा सहायक झाला. म्हणजे आपल्याच खुर्चीत बसला. मे १९७३ मध्ये संशय ब्रांट यांच्या कानावर घातला गेला, पण पुरावा मिळेपर्यंत त्याला जागेवरच ठेवायचं ठरलं. त्याच उन्हाळ्यात ब्रांट नॉर्वेला सुट्टीवर गेले, तेव्हा सोबत गियोम होता आणि चान्सलरचे टेलेक्स (तारेवरून येणारे छापील) संदेश त्याच्या हातून जात होते. अटक झाली २४ एप्रिल १९७४ ला. मे महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला. पाळतीच्या नावाखाली कागदांची वाट मोकळी ठेवणं मला आजही अक्षम्य वाटतं.

तेव्हा संशय आला, तर त्या माणसाची उलटतपासणी घेऊ नका आणि कार्यालयात कुजबुजही नको. निरपराध माणूस नुसत्या अफवेने आयुष्यातून उठतो. काय पाहिलं, कधी पाहिलं, एवढंच लिहून त्याच दिवशी सुरक्षा यंत्रणेकडे द्या. यंत्रणा म्हणाली, ‘तूर्त हलवू नका’, तर कोणते कागद आणि कोणते दौरे त्याच्यापासून दूर ठेवायचे, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. दुसऱ्या दिवशी टपालाची वाटणी बदला, मात्र एकट्या त्याची नको. कामाची फेररचना म्हणून सगळ्यांचीच बदला.