खानदेशातल्या उन्हाळ्यात टिकेल असा रीफ टँक: माप कसं ठरवावं, त्यात कोणाकोणाला ठेवावं

रीफ टँक, म्हणजे समुद्राच्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवायचा टँक, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी मासा पसंत करतात, मग त्याला पुरेल असा टँक शोधतात. मुंबई-पुण्यात हे कदाचित चालून जात असेल. जळगाव, भुसावळ, धुळ्यात नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कोरलला हवं असतं २५ ते २७ अंशांचं पाणी. म्हणून आपल्याकडे टँकचं माप मे महिन्यातल्या सर्वांत वाईट दुपारवरून ठरवायचं आणि मासे त्या मापावरून. हा क्रम पाळला तर बाकीचं सगळं शिकता येतं.

पायरी १: माप ठरवा

माझा पहिला टँक ४० लिटरचा होता, फुटाहून जरा मोठा चौकोनी ठोकळा. आखाजीच्या आठवड्यात घरच्या लग्नासाठी आम्ही तीन दिवस पारोळ्याला गेलो. पंखा पाण्यावर लावून ठेवला होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. परत आलो तेव्हा काचेवर पाण्याची जुनी रेघ आणि नवी रेघ यांच्यात दोन बोटांचं अंतर पडलेलं, आणि तेवढ्या पट्ट्यात मिठाचे पांढरे कण चिकटलेले. थर्मामीटर ३३ दाखवत होता. एरवी छत्रीसारखं उघडणारं लेदर कोरल ओल्या फडक्यासारखं दगडावर पडलं होतं. दोन क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून होते, कल्ले भराभर हलत होते. आदल्या दुपारी चार तास लाईट नव्हती, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. एक मासा त्याच रात्री गेला, दुसरा दोन दिवसांनी.

तिथे नेमकं काय झालं ते आकड्यात पाहू. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ४० लिटरमधलं ४ लिटर पाणी उडालं की हा आकडा ३९ च्या जवळ जातो. तेच ४ लिटर १८० लिटरच्या टँकमधून गेलं तर जेमतेम ३५.८. मोठ्या टँकचं तोंड रुंद असतं, त्यातून पाणी जास्त उडतं हे खरं. पण टँक खोल असेल तर एकूण पाण्याच्या मानाने घट कमीच पडते. तापही हळू चढतो आणि हळू उतरतो. एखादा मासा दगडाआड मेला तरी सगळं पाणी एका रात्रीत नासत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: खानदेशात पहिला रीफ टँक तीन बाय दीड बाय दीड फुटाचा घ्या. सेंटिमीटरमध्ये ९० × ४५ × ४५. लांबी, रुंदी, उंची गुणून हजाराने भागलं की लिटर मिळतात, म्हणजे इथे सुमारे १८२. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी दीडशेच्या आसपास राहतं. मीठ, औषध, सगळ्याचा हिशोब या दीडशेवर करायचा. जागा किंवा पैसे कमी असतील तर दोन बाय दीड बाय दीड फूट, सुमारे १२१ लिटर. त्याखाली जाऊ नका. चार फुटी टँक हाताशी थोडा अनुभव आल्यावर घ्या, कारण त्याला थंड ठेवण्याचा खर्चही तेवढाच वाढतो. उंची दोन फुटांपेक्षा जास्त नको. तळाशी प्रकाश कमी पोचतो आणि साफ करताना हात पुरत नाही.

पायरी २: जागा आणि वजन पाहा

तीन फुटी टँकमधलं पाणी, दहा मिलिमीटरची काच (ती एकटीच ४० किलो भरते), दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप (टँकखालची दुसरी टाकी, जिच्यातून पाणी फिरत राहतं) मिळून वजन ३०० किलोच्या घरात जातं. आरसीसी स्लॅब असेल तर भिंतीलगत, खालच्या तुळईच्या जवळ ठेवा. जुन्या धाब्याच्या घरात माडीवर मुळीच ठेवू नका. तिथली लाकडी पाटणं या वजनासाठी नसतात. तळमजलाच बरा, तो गारही असतो. पश्चिमेची भिंत टाळा. संध्याकाळी तिला हात लावून पाहा, कारण कळेल.

पायरी ३: टँक थंड कसा राहील ते आधीच ठरवा

आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना ती इतकी उष्णता घेऊन जाते की १८० लिटर पाणी तीन अंशांनी थंड व्हावं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे लावलेले दोन छोटे पंखे चैत्र-वैशाखात चांगलं काम करतात. मात्र टँक कूलरच्या खोलीत असेल तर कूलर हवेत आधीच दमटपणा भरून ठेवतो, मग पंख्याला उडवायला जागाच उरत नाही. टँक आणि कूलर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. पावसाळ्यातल्या दमट उघडिपीतही पंखे निष्प्रभ होतात, हे जून-जुलैत ध्यानात असू द्या.

नुसती मऊ कोरल ठेवायची असतील आणि घर दुपारी ३२-३३ अंशांच्या वर जात नसेल, तर पंख्यांवर निभावतं. त्याहून तापणाऱ्या घरात चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच. चिलरच्या खोक्यावर छापलेली क्षमता बेतशीर तापमानाची खोली धरून लिहिलेली असते, आपल्याकडे एक माप मोठा घ्यावा. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, त्यामुळे बंद कपाटात किंवा कोंडलेल्या खोलीत ठेवला तर स्वतःच तापत राहतो.

पंखे म्हणजे रोज उडणारं पाणी. त्याच्या जागी मिठाचं पाणी घालायचं नाही, साधं शुद्ध पाणी घालायचं, कारण मीठ टँकमध्येच आहे. तरंगता स्विच आणि छोटा पंप असलेलं ऑटो टॉप-ऑफ बसवलं तर लग्नाला जाता येतं.

लाईट गेल्यावर काय, हेही आत्ताच ठरवा. इन्व्हर्टरवर दिवे टाकू नका. पाणी हलवणारा पंप टाका. पाणी हललं की प्राणवायू मिळतो, आणि तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी मावतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. अजून एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा: पंप बंद पडला की वरच्या टँकचं पाणी पाइपातून खाली संपमध्ये उतरतं. तीन फुटी टँकची पातळी ३ सेंटिमीटर उतरली तरी १२ लिटर पाणी खाली येतं. संपमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर ते फरशीवर येणार. टँक भरल्यावर मुद्दाम बटण बंद करून बघा.

हिवाळ्यात उलटा प्रकार. थंडीच्या लाटेत रात्रीचा पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा १०० वॅटचे दोन हीटर हवेत. एकच मोठा नको. तो चिकटून चालूच राहिला तर सगळं उकळून काढेल.

पायरी ४: पाणी

कूलरच्या गवतावर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा टणक थर साचतो तो आपल्या बोअरच्या पाण्याचा पुरावा. हे पाणी रीफला चालत नाही. घरच्या आरओचंही थेट चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार राखलेले असतात. आरओनंतर डीआय कार्ट्रिज (उरलेसुरले क्षार काढणारी) लावा आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य येईपर्यंत थांबा. मग रीफ सॉल्ट. दीडशे लिटरला साधारण साडेपाच किलो, पण पुडीवर भरवसा न ठेवता रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५ पाहूनच थांबायचं. स्वयंपाकाच्या मिठाने हे होत नाही.

मग चार ते सहा आठवडे टँक माशांशिवाय चालवायचा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकल्याशिवाय एकही जीव आत नाही. हे काम दिवाळीनंतर, वांग्याच्या भरिताच्या दिवसांत सुरू करा. म्हणजे आखाजीपर्यंत टँकला पाच-सहा महिने मिळतात आणि उन्हाळा आला तेव्हा तो कोवळा राहत नाही.

पायरी ५: मासे निवडा, तेही पूर्ण वाढलेले डोळ्यांपुढे आणून

दुकानात दिसतं ते पिल्लू असतं. निळा टँग तिथे दोन इंचांचा असतो, घरी तो फुटापर्यंत वाढू शकतो आणि सरळ रेषेत पोहायला त्याला सहा फुटी टँक लागतो. कोणी म्हणालं, "भाऊ, आता लहान आहे, मोठा झाला की बघू," तर नम्रपणे नको म्हणा. मोठा झाल्यावर बघणारं कोणी नसतं.

तीन फुटी टँकला पाच ते सहा छोटे मासे पुरे. माझी पहिली पसंती ऑसेलॅरिस क्लाउनफिशच्या जोडीला. हे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ असतो तो मादी बनतो. म्हणून एक मोठा, एक लहान असे दोनच घ्या. तिसरा घातला की दोघं मिळून त्याला कोपऱ्यात दाबतात. त्यांना अ‍ॅनिमोन (ज्याच्या तंतूंत ते समुद्रात राहतात तो फुलासारखा दिसणारा जीव) लागतोच असं नाही. अ‍ॅनिमोन वर्षभर मुरलेल्या टँकमध्येच टिकतो, शिवाय फिरत फिरत पंपात अडकला की सगळं पाणी बिघडवतो. क्लाउनफिश कैदेत सहज वाढवता येतो. तमिळनाडूत मंडपम आणि केरळात विळिंजमच्या केंद्रीय संशोधन केंद्रांनी त्यावर बरंच काम केलं आहे. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा असा हॅचरीतला मासा मागून घ्या. तो लवकर खायला लागतो आणि कमी मरतो.

त्यांच्या जोडीला एक फायरफिश, दोन पजामा कार्डिनल आणि एक वॉचमन गोबी. गोबीबरोबर पिस्टल श्रिम्प मिळाला तर जरूर आणा. श्रिम्पला नीट दिसत नाही, तो वाळूत बीळ खोदत राहतो. गोबी दाराशी पहाऱ्याला बसतो. श्रिम्पची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लागलेली असते. गोबीने शेपटी हलवली की दोघंही आत. मी तासन्‌तास हे पाहिलं आहे. फायरफिश दचकला की उडी मारतो, म्हणून वर जाळीचं झाकण हवंच. काचेचं नको, ते वाफ अडवतं आणि पंखे वाया जातात.

आता कोण नको. स्वस्त आहे म्हणून निळा डॅमसेल पहिल्यांदा सोडू नका. तो सगळ्या टँकचा मालक होऊन बसतो आणि दगड उपसल्याशिवाय पकडता येत नाही. लायनफिश छोटे मासे गिळतो. ट्रिगर आणि पफर गोगलगाय, कोळंबी फोडून खातात. बटरफ्लायफिश बहुधा कोरलच खातात. मँडरिन दिसायला सर्वांत सुंदर, पण तो दगडांवरचे बारीक जिवंत कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव) वेचून जगतो. नव्या टँकमध्ये ते पुरत नाहीत आणि तो डोळ्यांदेखत उपाशी मरतो. सीहॉर्सचा विचारही नको, तो आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे.

साफसफाईला ट्रोकस किंवा टर्बो गोगलगाई आणि एक-दोन क्लीनर श्रिम्प. ही मंडळी असताना टँकमध्ये तांबं असलेलं औषध कधीही टाकू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार झालेला मासा त्यावर बरा होईल, गोगलगाई आणि कोळंबी मात्र मरतील. आजारी माशासाठी वेगळी बादली-टँक ठेवा, आणि नवा मासा चार आठवडे तिथेच राहू द्या.

पायरी ६: कोरल

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ बांधणारी सगळी दगडी कोरल, ब्लॅक कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. मालवणला पोहायला गेलात आणि तुकडा उचलून आणलात तरी तो गुन्हा आहे. बाहेरदेशातून आलेल्या दगडी कोरललाही आयातीची कागदपत्रं आणि नोंदणी लागते. दुकानदाराकडे कागद मागा. दाखवत नसेल तर परत फिरा. दगडही समुद्रातला नको, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला घ्या.

सुरुवात मश्रूम, लेदर आणि झोअँथिडपासून करा. तापमानातला एखाद-दुसरा अंश ते सोसतात. पण झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू किंवा गरम पाण्याने धुऊ नका. वाफेतून घरातल्यांना विषबाधा होऊ शकते.

कोरलही भांडतात, बहुधा रात्री. हॅमर, टॉर्च अशी कोरल लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजतात, म्हणून त्यांच्याभोवती निदान वीतभर जागा मोकळी ठेवा. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कोरलकडे एक पूर्ण उन्हाळा टँक २७ अंशांच्या आत राखल्यावरच वळा.

पायरी ७: आणण्याचा क्रम

आधी गोगलगाई, मग मऊ कोरल, मग सर्वांत भित्रा मासा. माझ्या यादीत तो फायरफिश. दोन-तीन आठवड्यांनी गोबी, मग कार्डिनल, क्लाउनफिश शेवटी, कारण ते जागा धरून बसतात. एका वेळी दोनच मासे, म्हणजे वाढलेली घाण जिवाणूंना पेलते.

मासे बहुतेकदा मुंबईहून येतात, जळगावपर्यंत रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. रात्रीची गाडी धरा, थर्माकोलचा डबा वापरा, मार्च ते जून शक्यतो आणूच नका. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं बादली-टँकच्या पाण्यावर तरंगू द्या. मग ती एका बादलीत रिकामी करून बादली-टँकचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब तासभर सोडा. मासा जाळीने उचलून बादली-टँकमध्ये सोडा, बादलीतलं पाणी मोरीत ओता. चार आठवडे झाले की त्याला मुख्य टँकमध्ये हलवा. त्या रात्री टँकचे दिवे लावू नका आणि खायला देऊ नका. तो बहुधा दगडामागे जाऊन बसेल, सकाळीही दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमूटभर खाणं टाका आणि दोन पावलं मागे सरकून थांबा.