अपडेटनंतर विंडोज सुरू होत नसेल, तर फॉरमॅट करण्यापूर्वी

विंडोजचे अपडेट बसल्यानंतर संगणक निळ्या किंवा काळ्या पडद्यावर अडकतो किंवा कंपनीचा लोगो दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो, तेव्हा दुरुस्तीच्या दुकानातून बहुधा पहिला सल्ला फॉरमॅट मारण्याचा मिळतो. तो घाईने मान्य करू नये. अशा वेळी डिस्कवरील फाइल्स सहसा जागच्या जागी असतात. दोष नव्या अपडेटमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये (संगणकाचा एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो आणि अपडेट काढून टाकता येते.

अपडेट खरोखरच अडकले आहे का, हे आधी पाहावे. टक्केवारी पुढे सरकत असेल किंवा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर लॅपटॉप चार्जरला जोडून तास-दोन तास वाट पाहावी, कारण फाइल्स बदलल्या जात असताना वीज तोडल्यास साधी अडचण गंभीर होते. हालचाल पूर्ण थांबली असल्यास पॉवर बटण सुमारे दहा सेकंद दाबून संगणक बंद करावा, प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क काढावी आणि मग पुन्हा सुरू करून पाहावा.

तरीही विंडोज उघडले नाही, तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून संगणक बंद करावा. असे दोन-तीनदा केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर येते. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे.

या टप्प्यावर अनेकांची गाडी बिटलॉकरपाशी, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सुविधेपाशी अडते. डिस्क कूटबद्ध असेल तर पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि आपण बिटलॉकर कधी चालू केलेच नव्हते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या अनेक लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेले असते. अशा वेळी मोबाइलवरून त्याच खात्यात जाऊन ही की शोधावी. तेथे एकाहून अधिक की दिसल्यास पडद्यावरील ‘की आयडी’ची सुरुवातीची अक्षरे जुळवून योग्य ती निवडावी. संगणक कार्यालयाचा असल्यास की आयटी विभागाकडे मागावी. ती मिळेपर्यंत रीसेटला, म्हणजे विंडोज नव्याने बसवण्याच्या पर्यायाला, हात लावू नये.

‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालवून पाहण्यास हरकत नाही, पण खरा उपयोग होतो तो ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ या पर्यायाचा. दरमहा येणाऱ्या सुरक्षा अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर ‘क्वालिटी अपडेट’ काढावे. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर ‘फीचर अपडेट’ काढावे. दुसऱ्या प्रकारात परतीची मुदत साधारणतः १० दिवसांचीच असते आणि ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर डिस्कवर शिल्लक असावे लागते, म्हणून जागा मोकळी करण्याच्या नादात ते आधीच पुसलेले असल्यास हा मार्ग बंद होतो.

अपडेट काढूनही फरक पडला नाही, तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करून ४ हा आकडा दाबावा, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारा सेफ मोड सुरू होतो. सेफ मोडमध्ये विंडोज उघडले, तर संशय ड्रायव्हरवर किंवा अन्य सॉफ्टवेअरवर घ्यावा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्सचा ड्रायव्हर मागील आवृत्तीवर न्यावा. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते, तेव्हाही सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे हाच उपाय होता. बिटलॉकरची की हाताशी नसलेल्यांना तेवढ्यासाठीही ताटकळावे लागले.

सारे प्रयत्न थकले, तर रीसेट करण्यापूर्वी फाइल्स बाहेर काढाव्यात. त्याच मेनूतील ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये नोटपॅड असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे, नोटपॅडच्या ‘ओपन’ खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडल्यास फोल्डर दिसतात आणि राइट क्लिक करून ते पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. येथे नेहमीचा सी ड्राइव्ह डी किंवा ई या नावानेही दिसू शकतो, त्यामुळे घाबरून जाऊ नये. त्यानंतरच ‘कीप माय फाइल्स’ निवडून रीसेट करावे. त्यात वैयक्तिक फाइल्स राहतात, पण बसवलेली सॉफ्टवेअर जातात.

संगणक सुरू झाल्यावर सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट काही आठवड्यांसाठी थांबवावे, नाहीतर तेच सदोष अपडेट पुन्हा येऊन बसते.