नळीतून ॲसिडिटीचे औषध देताना : गोळी कुटण्याआधी काय पाहावे

अर्धांगवायू, तोंडाचा कर्करोग किंवा डोक्याला लागलेला मार यांमुळे गिळता न येणाऱ्या रुग्णाला घरी सोडताना नाकातील नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, तशीच ठेवली जाते आणि औषधांच्या चिठ्ठीत सकाळी उपाशीपोटी द्यायची पॅन्टोप्राझोलची ४० मिलिग्रॅमची गोळी बहुधा असतेच. नाशिकमध्ये पंचवटी असो वा सातपूर, घरोघरी ही गोळी इतर गोळ्यांबरोबर खलबत्त्यात कुटली जाते आणि पाण्यात कालवून नळीत सोडली जाते. औषध दिल्याचे समाधान मिळते, पण त्याचा गुण बराचसा वाया गेलेला असतो.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे जठरातील आम्लाची निर्मिती रोखतात, पण ती स्वतः मात्र आम्लात टिकत नाहीत. ती आतड्यात शोषली जाऊन रक्तावाटे जठराच्या पेशींपर्यंत पोहोचावीत, यासाठी गोळीवर किंवा कॅप्सूलमधल्या प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारे आवरण दिलेले असते. कुटल्यावर हे आवरण फुटते आणि त्याचे चिकट तुकडे नळीत अडकतात. म्हणून आवरण असलेली गोळी कुटू नये आणि कॅप्सूलमधले दाणेही चिरडू नयेत.

सर्वप्रथम नळीची माहिती घ्यावी. तिचा क्रमांक बहुधा बाहेरच्या टोकाशी छापलेला असतो. प्रौढांची राइल्स ट्यूब साधारणतः १४ किंवा १६ क्रमांकाची असते, तर आहारासाठीच्या मऊ नळ्या याहून बारीक असतात. नळीचे टोक जठरात आहे की पुढे लहान आतड्यात, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्यावे, कारण आतड्यातील बारीक नळीत दाणे हमखास अडकतात.

त्यानंतर डॉक्टरांकडून औषधाचे योग्य रूप ठरवून घ्यावे. याच गटातल्या लॅन्सोप्राझोलची तोंडात विरघळणारी गोळी हा बारीक नळीसाठी सोयीचा पर्याय आहे : ३० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात घालून हलवावी, ८ किंवा त्याहून मोठ्या क्रमांकाच्या नळीतून १५ मिनिटांच्या आत द्यावी आणि सिरिंजमध्ये उरलेले कण थोड्या पाण्याने पुन्हा सोडावेत. इसोमेप्राझोलची दाणेदार कॅप्सूल असल्यास ती उघडून दाणे ६० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये घ्यावेत, ५० मिलिलिटर पाणी ओढून १५ सेकंद जोरात हलवावे आणि लगेच द्यावे. दाणे विरघळलेले किंवा फुटलेले दिसले, तर ते मिश्रण देऊ नये. ओमेप्राझोलचे दाणे मोठ्या नळीतून द्यायचे असल्यास सफरचंदाच्या गाळलेल्या रसात देण्याचा प्रघात आहे, कारण आंबट रसात आवरण टिकते आणि दुधात ते विरघळू लागते. (द्राक्षांच्या गावात द्राक्षाच्या रसाचा प्रश्न निघणारच, पण घरचा रस गर आणि सालीमुळे नळीत अडकतो, तेव्हा तो प्रयोग नको.) रस आणि दूध नळीत एकत्र आले की दूध फाटते, म्हणून रसाच्या आधी आणि नंतर पाणी सोडणे आवश्यक आहे. फॅमोटिडीन या ॲसिड कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या साध्या गोळीवर असे आवरण नसते, त्यामुळे डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल तर बारीक करून पाण्यातून देता येते. मेडिकलमध्ये नेमके रूप नसेल, तर हाती येईल ती गोळी घेऊ नये. गोळे कॉलनीतल्या औषध बाजारातून मागवून देण्याची विनंती दुकानदाराला करावी.

प्रत्यक्ष देताना रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवावे आणि नाकपुडीजवळची नळीवरची खूण जागेवर आहे ना, ते पाहावे. खूण सरकली असेल, खोकला किंवा धाप लागत असेल, तर काहीही सोडू नये. नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही. रुग्णालयात आम्लता तपासण्याची पट्टी वापरतात, पण ॲसिड रोखणारे औषध चालू असताना नळी जठरात असूनही पट्टी फसवू शकते, हे नर्सला आवर्जून सांगावे.

प्रौढांसाठी आधी १५ ते ३० मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी, मग औषध, मग पुन्हा तेवढेच पाणी, असा क्रम ठेवावा. लहान मुलांना आणि पाणी मोजून द्यायच्या रुग्णांना हे प्रमाण डॉक्टर ठरवतील. प्रत्येक औषध वेगळे द्यावे आणि ते आहारात मिसळू नये. शक्यतो आहाराच्या अर्धा तास आधी द्यावे. सुक्राल्फेट हे जठरातील व्रणावर थर धरणारे औषधही चालू असेल, तर ते या औषधापासून आणि आहारापासून किती अंतराने द्यावे हे विचारून घ्यावे, कारण ते आहाराबरोबर गोळा होऊन बसते.

अर्धांगवायूच्या रुग्णाला क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी रोखणारे औषध चालू असेल, तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्याचा परिणाम कमी करतात. यासाठी पर्याय डॉक्टरांनीच निवडावा.

नळी तुंबली, तर कोमट पाणी घेऊन सिरिंज हळूच पुढे-मागे करावी. लहान सिरिंजने जोर लावू नये, कारण तिचा दाब अधिक असतो, आणि तार तर मुळीच घालू नये. नळीतून कॉफीच्या रंगाचे पाणी आले किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.