सायकॉलॉजीवाल्यांनो, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) आधी हाताने काढा

स्टॅट्सच्या धास्तीने थेट एसपीएसएस (स्टॅट्सचं सॉफ्टवेअर) उघडू नका, आधी वही घ्या. समजा पाच जणांचे मेमरी टेस्टचे स्कोअर आलेत ४, ६, ८, १०, १२, सरासरी ८, आता प्रत्येक स्कोअरमधून ८ वजा करायचे आणि येईल त्याचा वर्ग करायचा (नुसत्या फरकांची बेरीज केली तर कायम शून्यच येते, म्हणून वर्ग), वर्गांची बेरीज ४०, तिला पाचाने नाही, चाराने भागायचं कारण हे सॅम्पल आहे, म्हणजे सगळ्यांतले फक्त काही जण (तेव्हा एकूण संख्येतून एक वजा करून भागतात), आले १०, त्याचं वर्गमूळ ३.१६, झाला एसडी, म्हणजे स्कोअर सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप!

मग आयक्यूची सरासरी १००, एसडी १५ म्हणजे काय ते लगेच कळतं, साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये. पुढे झेड स्कोअर (एखादा स्कोअर सरासरीपासून किती एसडी दूर आहे तो आकडा) करा. टी-टेस्टला (सरासरींमधला फरक तपासायची चाचणी) त्याआधी हात लावू नका प्लीज.