ट्रॅकचा टायर वेगळा, रस्त्याचा वेगळा

सायकलचा टायर घेण्याआधी तो कुठल्या पृष्ठभागावर पळणार, ते ठरवा. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक आणि पुण्यातल्या बालेवाडीचा उघडा सिमेंटचा ट्रॅक, दोन्ही वेलोड्रोमच, म्हणजे सायकल शर्यतींचे ट्रॅक; पण टायरची निवड आणि हवा सारखी नसते.

लाकडावर १९ ते २३ मिमीचा, पूर्ण गुळगुळीत टायर लावतात. हवा साधारण १४० पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) पुढे. ट्रॅकच्या कललेल्या वळणावर वेगात असताना चाकावरचा भार दीडपटीच्या आसपास जातो. हवा कमी असेल तर टायर बाजूला दबतो आणि सायकल उतारावरून खाली सरकते. सिमेंट खरखरीत असतं. तिथे २३ मिमी आणि ११० ते १२० पीएसआय बरं. जास्त हवेने चाक उडत राहतं आणि पकड जाते. मात्र टायर आणि रिम, दोन्हींवर छापलेल्या कमाल आकड्यांपैकी लहान असेल तो कधीच ओलांडू नका.

रस्त्यासाठी २८ मिमी घ्या, आतून पंक्चररोधक पट्टी असलेला. सत्तर किलोच्या स्वाराला पुढे ७५, मागे ८० पीएसआय पुरे. खड्ड्यांचा रस्ता असेल तर ३२ मिमी, पण आधी फ्रेम आणि ब्रेकमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना ४ मिमी तरी जागा उरते का ते मोजा. हुकलेस रिम (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर ७२ पीएसआयच्या वर जाऊच नका, टायर रिमवरून निसटू शकतो.

ट्रॅकचा टायर रस्त्यावर नेऊ नका: त्याचं रबर पातळ असतं, एक काच पुरते. रस्त्याचा टायर लाकडावर त्याहून वाईट. रबरात रुतलेली खडी लाकूड ओरखडते, धुळीने पकड सुटते, आणि मागून येणारा स्वारही पडतो. ट्रॅक आणि रस्त्यासाठी चाकांच्या वेगळ्या जोड्या ठेवणं परवडत नसेल तर निदान टायर बदला आणि ट्रॅकवर जाण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. सीलंटही (पंक्चर आपोआप बुजवणारा टायरमधला द्रव) ट्रॅकवर नको, गळलं की फळ्या निसरड्या होतात.

ट्यूब्युलर, म्हणजे ट्यूब आत शिवलेला आणि रिमला गोंदाने चिकटवायचा टायर, लावणार असाल तर घाई अजिबात चालत नाही. नवा टायर गोंद न लावलेल्या रिमवर चढवून, हवा भरून एक दिवस ताणू द्या. मग रिमला गोंदाचे दोन पातळ थर आणि टायरच्या पट्टीला एक. प्रत्येक थर वाळू द्या. शेवटचा पातळ थर रिमवर देऊन, तो चिकट असतानाच व्हॉल्वपासून सुरुवात करून टायर चढवा, सरळ करा, हवा भरून २४ तास ठेवा. नंतर हवा सोडून अंगठ्याने कडा ढकला. कुठेही फट दिसली तर त्या चाकावर बसू नका. गोंद काढा, पुन्हा लावा.