सुपरहिरोचा पहिला पिच्चर उलटा करून बघायची रीत

सोलापूरच्या पूर्व भागात युनिफॉर्मच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर आहे. शाळेच्या चड्ड्या, वॉचमनचे शर्ट, हेच आयुष्यभर कापत आलो. भाच्याला कॉलेजच्या अंकासाठी सुपरहिरोच्या पहिल्या पिच्चरवर लिहायचं होतं, म्हणजे साधा माणूस हिरो कसा झाला ते सांगणारा पिच्चर. म्हटलं, "कसा होता बे?" तर म्हणे, "भारी होता मामा." भारी हे काय माप झालं? शर्ट चांगला की वाईट ते उलटा करून शिवणीत कळतं. पिच्चरचंही तसंच बघायचं.

शक्ती कशी मिळाली त्यावर अर्धं पान घालवू नकोस. कोळी चावू दे नाहीतर वीज पडू दे, तो नुसता कापडाचा ताका. त्याआधी माणसाचं माप नीट घेतलंय का ते बघ. कुणाचं ऐकत नाही, कशाला लाजतो, खिशात किती आहेत. हे कळायच्या आत पोरगा भिंतीवर चढायला लागला, तर पुढं सगळीकडं चुण्या पडणार.

मग शक्ती आल्यावरची पहिली चूक शोध. २००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये ही जागा पक्की शिवलीय. कुस्तीत तीन मिनिटं टिकलास तर ३,००० डॉलर, अशी जाहिरात. पोरगा समोरच्याला त्याआधीच लोळवतो, तर मालक १०० टेकवतो. का, तर तीन मिनिटं भरलीच नाहीत! मी नवा होतो तेव्हा एका ठेकेदारानं माझे नगाचे पैसे असेच कापले होते. लवकर झालं म्हणजे काम सोपं होतं, म्हणे. त्यामुळं पुढं त्याच मालकाला चोर लुटून पळतो आणि पोरगा बाजूला होऊन वाट देतो, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं. तोच चोर पोराच्या काकाला मारतो. आपणही पोराबरोबर चुकलेलो असतो, म्हणून ते मनाला लागतं. अशी जागा सापडली की वेळ लिहून ठेव आणि परत बघ.

आता पोशाख. इथं मी जरा जास्तच बोलतो, धंदाच तो. त्याच पिच्चरमध्ये कुस्तीला पोरगा घरगुती कपडे घालून जातो, ते पटतं. पण नंतर एकदम जाळीची नक्षी असलेला अंगाबरोबर बसणारा सूट! शिवला कुणी? ताणाच्या कापडाला सुई वेगळी लागते, कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन लागतं. कागदावर चित्रं काढली की सूट तयार होत असता तर आम्ही घरी बसलो असतो. हे वजा मार्कात लिही. उलट २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये संशय येऊ नये म्हणून मुखवट्याची ऑर्डर एकदम १०,००० नगांची काढतात, आणि पहिलाच लॉट कच्चा निघतो. हे बघून मी टाळी वाजवली. लॉट परत येणं काय असतं ते मला विचार.

२००८ चा 'आयर्न मॅन' तर सगळा ट्रायलवरच उभा आहे. गुहेत हिरो भंगारातून पहिला चिलखती सूट बनवतो, मग दुसरा. दुसरा उंचावर जाऊन बर्फानं गोठतो आणि खाली येतो. ती खोट तो पुढच्या सुटात काढतो, आणि शेवटी त्याच बर्फावर खलनायक फसतो. आधी घातलेला टाका शेवटी कामाला आला. पण एवढं करून शेवटची मारामारी काय, तर एक लोखंडी माणूस दुसऱ्या मोठ्या लोखंडी माणसाशी. या जातीच्या पिच्चरची ही जुनी खोड. हिरो घडवण्यात दोन तास जातात आणि खलनायक उरल्यासुरल्या कापडातून बेततात. एरवी हिरोचीच शक्ती, माप एक नंबर मोठं.

शक्ती तीच देऊनही खलनायक कसा बेतावा, हे बघायला २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली' लाव. हिरो शिंपी आहे म्हणून सांगत नाही. (थोडं म्हणूनही सांगतोय.) एकाच रात्री वीज दोघांवर पडते, शिंप्यावर आणि गावानं कायम हिडीसफिडीस केलेल्या शिबूवर. शिबूचंही माप तेवढंच नीट घेतलंय. तो वाईट वागतो तेव्हा राग येतो, आणि पोटात तुटतंही. तुझ्या पिच्चरमधला खलनायक शिबूशेजारी उभा करून बघ, उसवलेलं लगेच दिसेल.

भाच्यानं आठ दिवसांनी कागद आणून दिला. 'आयर्न मॅन'वर लिहिलं होतं, बरं होतं. फक्त बर्फाचा सीन विसरला होता. खडूनं खूण केली आणि परत बघायला बसवला.